वीस अक्षरं

चौथा मजला, केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स.
खाली चार्ल्स नदी गोठलेली.
आमच्या दोघांत एक कापडी भिंत, टाचण्या टोचायची.
पलीकडे डेल्फिना फुर्तादो खोकली तरी ऐकू यायचं,
पण बोलायचो सर्व्हरमार्फत.
खिडकीला खिडकी लावून.

निरोप वीस बाइटांचा. एकविसावा मागायचा नाही.
सोबत जातीचा आकडा, आणि जिकडे जायचंय त्या खिडकीचा क्रमांक.
सर्व्हर आत डोकावत नाही.
एवढंच विचारतो:
आठाचे तुकडे, सोळाचे की बत्तिसाचे?
तेही का, तर तिचं यंत्र आकडे मोठ्या टोकाकडून लिहायचं,
माझं लहान टोकाकडून,
आणि वाटेत कुणीतरी ते उलटून द्यायला हवेत.
अक्षरं असली तर तेही नाही.
बाकी अळीमिळी गुपचिळी.

जातीला नाव हवं. नाव नोंदवलं की आकडा मिळतो.
तिनं नोंदवलं: फुर्तादोचं सूप.
मिळाला दोनशे चौदा.
साडेबाराला माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात
तिची बोटभर खिडकी उजळायची:
दोन वाट्या. चमचा आण.
तिची आई अझोरेसहून आलेली; सुपात पालेभाजी, बटाटा, लालसर सॉसेज.
वीस अक्षरांत सॉसेज मावलं नाही कधी.
ते वासावर कळायचं.

एक गोष्ट तिनंच मला दाखवली.
कळ दाबली, माऊस हलला, तर ते घडतं.
आपण धाडलेल्यावर मात्र सर्व्हर एक खूण करतो,
सगळ्यात वरचा बिट:
हे घडलेलं नाही, कुणीतरी पाठवलंय.
कित्येक प्रोग्राम ती खूण पाहून तोंड फिरवतात.
खोटी कळ, म्हणतात, खोटा माऊस.
मी त्या खुणेचीच वाट बघायचो.

खिडकी बंद करायचीही रीत आहे.
व्यवस्थापक आधी निरोप धाडतो: मिटावं, ही विनंती.
मग प्रोग्राम म्हणू शकतो, थांबा, हे जपून ठेवू का?
पण विनंती त्यालाच, ज्यानं आधी नोंदवून ठेवलंय
की मला विचारा.
ज्यानं नोंदवलं नाही, त्याची सरळ तार कापतात.

डेल्फिनानं कुठे काही नोंदवलं नव्हतं.
फेब्रुवारीतला मंगळवार, पिवळा लिफाफा, पुठ्ठ्याचं खोकं,
आणि दारात उभा ऑर्व्हिल टटल,
चांगला माणूस, मान खाली.
अकरापर्यंत तिचं यंत्र थंड.

खिडकी तेवढी राहिली.
मालक गेला तरी हिला ठेवा, असं तिनंच
कधीतरी गंमत म्हणून लिहून ठेवलं होतं कोडात.
राखाडी चौकोन. रंगवायला कुणी नाही.

साडेबाराला मी धाडलं. दोनशे चौदा.
आज सूप कोण आणणार?
खिडकीच नसती तर चूक आली असती,
क्रमांकासकट, खणखणीत: अशी खिडकी नाही.
पण खिडकी होती. तिचा धनी नव्हता.
अशा वेळी सर्व्हर निरोप कुणालाच देत नाही
आणि पाठवणाऱ्याला हूं की चूं करत नाही.
हे त्याच्या कागदपत्रांत लिहिलेलं आहे.
मी ते पान तीनदा वाचलं.
दुसऱ्या दिवशी पुन्हा धाडलं. तिसऱ्या दिवशी
नुसते वीस शून्य.

विनंती करून ती मिटणार नाही आता;
विनंती ऐकायला कोण आहे?
मारायचा हुकूम आहे, एका ओळीचा. मी टाइपही केला,
एंटर सोडून.
मग माऊसनं धरून ती खिडकी
खालच्या डाव्या कोपऱ्यात नेली, घड्याळाच्या मागे,
आणि कंपायलर उघडला.

चमचा अजून खणात आहे.
फुर्तादोंचा आहे. पत्ता लागला तर देईन.